खड्डा बुजवताना धूर कशाला?

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचे नाव येतेच. सत्तरच्या दशकात ‘रेकॉन्डो’ कंपनीने हॉट मिक्स पद्धतीने, दहा वर्षांच्या हमीवर केलेला हा रस्ता त्यापुढेही कितीतरी पावसाळे टिकला. त्यामुळे गरम डांबर म्हणजेच चांगले काम, हा समज शहरात पक्का झाला. नव्या रस्त्यासाठी तो बराचसा खराही आहे. पण खड्डे बुजवण्यासाठी रस्त्याकडेला डांबराचे पिंप पेटवले जाते, तेव्हा त्याची किंमत शेजारी उभा असलेला मजूर मोजतो.

हॉट मिक्ससाठी डांबर साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. भाजण्याची भीती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रस्तेकामातील डांबराच्या धुराला ‘कर्करोगाची शक्यता असलेल्या’ गटात टाकले. पुरावा मर्यादित आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

डांबराचे इमल्शन हा धूर बहुतांशी टाळते. तेलकट ताटावर साबण जे करतो तेच इथे इमल्सिफायर करतो: डांबराचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवतो. त्याचे प्रमाण अगदी थोडे, पण सगळे गणित त्याच्यावर. आपल्याकडच्या कॅटायनिक प्रकारात थेंबांवर धनभार असतो, ओल्या खडीवर बहुधा ऋणभार. थेंब खडीला चिकटतात, पाणी सुटते, तपकिरी रंग काळा होतो. यालाच इमल्शन ‘फुटणे’ म्हणतात. दोन थर जोडणाऱ्या फवाऱ्याला लवकर फुटणारे इमल्शन लागते, बारीक कच मिसळायची तर सावकाश फुटणारे. निवड चुकली तर माल कालवतानाच गोळे होतात. खडी धुळीने माखलेली असेल तर इमल्सिफायर धूळच शोषून घेते आणि डांबर दगडापर्यंत पोचतच नाही. फवारा तपकिरी असतानाच त्यावर गरम माल पसरला, तर पाणी आत अडकून वरचा थर सुटतो.

म्हणून महापालिकेच्या निविदेत नुसते ‘इमल्शन’ लिहून भागणार नाही. प्रकार आणि फुटण्याची वेळही लिहायला हवी. तुंबलेल्या गटाराकाठचा खड्डा अर्थात कोणत्याच रसायनाने बरा होत नाही. आणि मुसळधार सरीत इमल्शन फुटण्याआधीच वाहून जाते. त्यासाठी उघडीप साधून काम करणारी पथके हवीत, हातमोज्यांसह: ही इमल्सिफायर बहुधा अमाइन वर्गातली असतात आणि कातडीला झोंबतात.