फ्रिजच्या दारावर हुकूमत कोणाची?

आतील कॅमेरा भाजी दाखवितो, दारावरील पडदा यादी ठेवतो. असा ‘स्मार्ट’ फ्रिज आज कंधारच्या कुटुंबालाही हप्त्यांनी घेता येईल. घरात काय शिल्लक आहे ते बाजारातच कळते, अन्नाची नासाडी टळू शकते. ही सोय हिणविण्याजोगी नाही. पण वीज गेली की हा शहाणा फ्रिजही साध्या फ्रिजसारखाच मुका होतो.

खरा प्रश्न मालकीचा आहे. २०२५ साली सॅमसंगने अमेरिकेत आधीच विकलेल्या अशा फ्रिजांच्या पडद्यांवर जाहिराती दाखविण्यास आरंभ केला. म्हणजे किंमत कुटुंबाने मोजावी आणि दारावर हुकूमत कंपनीची राहावी! केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. तेवढ्याने भागणार नाही. सुटे भाग तालुक्यात मिळावेत, पडद्यावर ग्राहकाच्या संमतीविना काही येऊ नये, यासाठी कायदाच हवा. ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.