वरचा दात आणि मामा

बाळाला वरचा दात आधी आला की आपल्याकडे घरात कुजबुज सुरू होते. 'मामाला वाईट' हे वाक्य कोणीतरी वडीलधारे उच्चारतेच, आणि मग बिचाऱ्या मामाने भाच्याचे तोंड कधी पाहावे, त्यावर उपाय काय करावा, याचा काथ्याकूट चालू होतो. जन्मतःच दात घेऊन आलेल्या मुलाचे तर विचारूच नका. अपशकुनी, अवलक्षणी ही विशेषणे त्याला पाळण्यातच मिळतात. मुलगी असेल तर लग्न ठरेपर्यंत ती तिची पाठ सोडत नाहीत. आणि बोल लागतो कोणाला? आईला. तिनेच ग्रहणात काहीतरी चिरले असेल! हे सारे शिकल्यासवरलेल्या घरांतूनही चालते, म्हणूनच महाविद्यालयाच्या अंकात हा विषय काढला आहे.

वस्तुस्थिती अशी की दात 'येतो' तेव्हा तो नवा नसतोच. गर्भ सहा आठवड्यांचा होतो न होतो तोच जबड्याच्या जागी दातांची जडणघडण सुरू होते. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाच्या दातांवर क्षार बसू लागतात. बाळ जन्माला येते तेव्हा वीसच्या वीस दुधाचे दात हिरडीखाली कमीअधिक तयार असतात. त्यांतला कोणता आधी डोके वर काढील, हा केवळ क्रमाचा प्रश्न. बहुधा सहाव्या-आठव्या महिन्यात खालचे पटाशीचे दात प्रथम दिसतात. काही मुलांत वरचे दिसतात. याहून अधिक अर्थ त्यात शोधू नये.

जन्मजात दात साधारण दोन-तीन हजार बाळांमागे एकाला आढळतो. ही काही फार दुर्मिळ गोष्ट नव्हे. शिवाय असे दहांपैकी नऊ दात त्या बाळाच्या नेहमीच्या वीस दातांपैकीच असतात, फक्त वेळेआधी उगवलेले. अपशकुन समजून तो उपटला, तर त्या जागी सहा-सात वर्षे फट राहते. तो फारच हलत असेल आणि श्वासनलिकेत जाण्याचे भय असेल, किंवा बाळाची जीभ व आईचा स्तन त्याने दुखावत असेल, तरच काढण्याचा विचार करावा. तोही डॉक्टरने. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाच्या शरीरात व्हिटॅमिन 'के' कमी असते, त्यामुळे रक्त लवकर गोठत नाही. म्हणून डॉक्टर दहा दिवस थांबणे पसंत करतात, नाहीतर आधी ते व्हिटॅमिन दिले आहे याची खात्री करतात. श्रद्धेने कोणाचे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी दोऱ्याने दात ओढून काढलेल्या चार दिवसांच्या बाळाचा विचार करावा.

आता मामाविषयी. दाताचा आणि मामाचा संबंध खरोखरच असू शकतो, पण तो अगदी निराळा! चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी व वनस्पतींतील बदलांवरच्या ग्रंथात, १८७५ सालच्या आवृत्तीत, सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकिकत दिली आहे. त्या घराण्यात चार पिढ्यांत दहा पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून चार लहान, अशक्त पटाशीचे दात आणि आठ दाढा एवढेच दात होते. अंगावर केस विरळ, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून अतोनात त्रास. मुलींना हा विकार होत नसे, पण त्यांच्या मुलांत तो उतरे. बापाकडून मुलाकडे मात्र जात नसे. जनुक हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता, तरी डार्विनने टिपलेली ही रीत आज तंतोतंत पटते. केस, दात आणि घामाच्या ग्रंथी गर्भाच्या एकाच बाहेरच्या थरातून घडतात, म्हणून एक बिघाड तिन्हींवर दिसतो. या विकाराचे 'एक्स' गुणसूत्रावरील जनुक १९९६ साली सापडले. मुलाला 'एक्स' गुणसूत्र आईकडूनच मिळते. तेच आईच्या भावालाही मिळालेले असू शकते. तेव्हा भाच्याचे दात उगवत नसतील, घाम येत नसेल, उन्हाळ्यात कारणावाचून ताप चढत असेल, तर मामाच्या तोंडात दात किती हे जरूर विचारावे. अशा मुलाला उष्म्यापासून जपावे लागते, प्रसंगी त्याच्या जिवावर बेतते. आईचा यात अपराध कसला? तिलाही ते जन्माबरोबरच मिळाले.

बाकीच्या तऱ्हा निरुपद्रवी वाटतात, पण सगळ्याच तशा नसतात. वरच्या दोन पुढच्या दातांच्या मध्ये एखादा सुळकेदार जादा दात येतो किंवा हाडातच लपून राहतो. तो शेजाऱ्यांना वाकडे करतो किंवा त्यांची वाट अडवतो. पुढच्या दातांशेजारचा दात कधी खुंटीएवढाच राहतो, तर कधी येतच नाही. पाचांतील एखाद्याला निदान एक अक्कलदाढ मुळातच नसते. त्या माणसाची 'बत्तिशी' वठायची कशी, हे भविष्य सांगणाऱ्यांनाच ठाऊक.

मला खरी चीड येते ती याची, की नको त्या दाताची एवढी चर्चा करणारे आपण हव्या त्या दाताकडे ढुंकूनही पाहत नाही. आमचे कन्नड मित्र दुधाच्या दाताला 'हालु हल्लु' म्हणतात. म्हणजे दोन्ही भाषांत दूधच. मूल सहा वर्षांचे झाले की शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून किडू देतात. ती कायमची असते. तिच्यावरचे इनॅमल घडवणाऱ्या पेशी ती बाहेर येतानाच नाहीशा होतात. गेलेले इनॅमल शरीर पुन्हा तयार करीत नाही. आपल्या बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ यांची दंत महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात बोलवावे आणि खेड्यातल्या पहिली-दुसरीच्या मुलांची तोंडे पाहावीत, असे मी सुचवतो. तोवर घरच्या घरी एवढे करता येईल: मुलाला तोंड उघडायला सांगून मधल्या रेषेपासून मागे दात मोजत जा. सहावा लागला, की तीच ती दाढ.