टायरच्या कडेवरचे आकडे

इलेक्ट्रिक गाडी घेताना माणूस बॅटरीबद्दल शंभर प्रश्न विचारतो. किती वर्षं टिकेल, चार्जिंगला किती तास लागतील, बिघडली तर काय? टायरबद्दल मात्र एकही प्रश्न नसतो. 2020-21 मध्ये ज्यांनी पहिल्या नेक्सॉन ईव्ही घेतल्या, त्यांच्या बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी अजून संपलेली नाही, पण टायर केव्हाच बदलायला आले. तेव्हा आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "भाई, चांगला आणि स्वस्त असेल तो बसवा." माझा आक्षेप या वाक्याला आहे.

इलेक्ट्रिक गाडीचा टायर लवकर झिजतो, त्यात कंपनीची लबाडी नाही. बॅटरीमुळे गाडी जड असते. नेक्सॉन ईव्ही साधारण 1400 किलोंची, म्हणजे तिच्या पेट्रोल बहिणीपेक्षा दीडशेच्या आसपास किलो जास्त. शिवाय मोटरचा जोर पाय दाबताक्षणी चाकावर येतो आणि पाय काढला की तीच मोटर गाडीला मागे ओढून वीज तयार करते. हे सगळं पुढच्या दोन चाकांवर चालतं. म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घ्यावीत, नाहीतर पुढचे टायर टकले होतात आणि मागचे नवे दिसतात.

आता आकडे. टायरच्या कडेवर 215/60 आर 16 95 एच असं लिहिलेलं असतं. 215 ही मिलिमीटरमधली रुंदी, 60 म्हणजे उंची रुंदीच्या 60 टक्के, 16 ही रिमची इंचातली मापं. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. आपल्या रस्त्यांवर त्याची चिंता नको. महत्त्वाचा आकडा आहे 95. तो वजनाचा सांकेतिक आकडा असून त्याचा अर्थ एक टायर 690 किलो पेलतो.

आमच्या गाडीच्या टायरसाठी चौकशी करताना एका दुकानदाराने मला 205/60 आर 16 सुचवला. "बाजी, दहा मिलिमीटरनं काय होतंय? रिम तर तीच." त्याचा हेतू वाईट नव्हता, दोन पैसे वाचवायचा होता. पण त्या टायरवर 92 लिहिलं होतं, म्हणजे 630 किलो. चार टायरवर 240 किलोंची ताकद कमी झाली, तीही मूळच्याच जड गाडीला. दुसरं असं की तो टायर उंचीला 12 मिलिमीटर कमी. चाक लहान झालं की मीटर जास्त अंतर दाखवतं. मीटरवर शंभर दिसतात तेव्हा गाडी अठ्ठ्याण्णवच गेलेली असते. म्हणजे रेंज वाढल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात वाढलेली नसते. कंपनीने दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवर जे माप आणि जो भार आहे, त्याच्या खाली जाऊ नये, मग दुकानदार नात्यातला का असेना.

मग "ईव्ही टायर" म्हणून विकला जाणाराच घ्यावा का? अपोलोचा अँपेरियन आहे, सिएटचा एनर्जीड्राइव्ह आहे. तुमच्या मापात मिळाला आणि परवडला तर जरूर घ्या. पण माझ्या मते ईव्ही ही दोन अक्षरं अट नाहीत. माप बरोबर, भार बरोबर आणि रस्त्यावर घरंगळताना कमी ओढ घेणारा टायर असेल तर साधाही चालतो. पेट्रोल गाडीत बरीचशी ऊर्जा इंजिनच्या उष्णतेतच वाया जाते, त्यामुळे टायरची ओढ लक्षात येत नाही. इलेक्ट्रिक गाडीत वाया जाणारं थोडंच, म्हणून टायर वाईट असला की रेंजमध्ये लगेच दिसतं. माझं माहेर लातूर, नोकरी नांदेडला. अहमदपूर-लोहा मार्गाने जाऊन त्याच चार्जवर परत यायचा विचार पहिल्या नेक्सॉनवाल्याने करूच नये, कागदावर 312 किलोमीटर लिहिलेले असले तरी. तरीही नुसत्या कमी ओढीमागे धावू नका. पावसात ब्रेक लागले पाहिजेत. ओढ, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज, या तिन्हींचे नियम सरकारने 2022 मध्ये आणले ते यासाठीच.

आणखी एक चार अंकी आकडा पाहा. 2324 असेल तर टायर 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. छोट्या शहरांत जुना माल नवा म्हणून सवलतीत खपतो. नायट्रोजनच्या जाहिरातीला फार भुलू नका. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. मे महिन्याच्या बेचाळीस डिग्रीत सकाळी, गाडी थंड असताना हवा तपासणं जास्त उपयोगाचं.

सरकारलाही एक विचारायचं आहे. इलेक्ट्रिक गाडीवर 2019 पासून जीएसटी 5 टक्के आणि तिच्या टायरवर परवा-परवापर्यंत 28. सप्टेंबर 2025 मध्ये तो 18 वर आला, हे चांगलं झालं. पण टायर चैनीची वस्तू कधीपासून झाला होता?

राहिला प्रश्न टायर बसवणाऱ्याचा. "पंक्चरवाले" हा शब्द आपल्याला टोमणा म्हणून मारला जातो. मला त्या शब्दाची लाज वाटत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची फी त्याच कमाईतून येते. मला काळजी आहे ती वेगळी. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बॅटरीची पेटी असते. जॅक कुठेही लावला तर पेटीला मार बसतो. तो कंपनीने दाखवलेल्या कडेच्या जागांवरच लावायचा. काही टायरच्या आत आवाज कमी करण्यासाठी फोम चिकटवलेला असतो, पंक्चरला आतून पॅच मारताना तो तेवढ्यापुरता कापून काढावा लागतो. हे इल्म देगलूर नाक्यापासून गंजगोलाईपर्यंतच्या दुकानांत वेळेवर पोहोचलं नाही, तर गिऱ्हाईक मोठ्या शोरूमकडे वळेल आणि परत येणार नाही. आठवीच्या वर्गात मी आता टायरचा फोटो फळ्यावर लावते. 95 म्हणजे 690 किलो, हे मुलं एका तासात शिकतात आणि संध्याकाळी दुकानात अब्बांना सांगतात.