कच्च्या चिठ्ठीची स्वस्ताई

तयार संगणक विकत घेण्याऐवजी त्याचे सुटे भाग निवडून तो जोडून घेण्याची हौस आता केवळ महाविद्यालयीन मुलांपुरती राहिलेली नाही. लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करणारे, वास्तूंचे आराखडे काढणारे, घरी बसून अक्षरजुळणी करणारे असे अनेक व्यावसायिक बँकेत कर्ज मागावयास येतात, तेव्हा त्यांच्या हाती प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम अशा आठ-नऊ भागांचे दरपत्रक असते. हा मार्ग शहाणपणाचा आहे. मात्र ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ लावताना आपण बहुधा घाई करतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट ही या व्यापाराची नामांकित ठिकाणे. प्रत्येक बाजाराची बोली निराळी. पण भाव ठरत आला की काही दुकानांत गल्ल्यामागून हमखास एक प्रश्न येतो : ‘बिल हवे की नको?’ नको म्हटले की रक्कम लगेच खाली येते, एका चिठोऱ्यावर आकडे लिहून दिले जातात आणि ग्राहक समाधानाने घरी परततो. माझ्या मते सुट्या भागांच्या बाजारात याहून महाग सवलत दुसरी नाही.

हिशेबच मांडू. भागांची मूळ किंमत ५०,००० रुपये धरली, तर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून पक्क्या बिलाची रक्कम ५९,००० होते. समजा, बिलाविना दुकानदार तोच माल ५४,००० रुपयांस देतो. वरवर ५,००० वाचले. आता हाच ग्राहक जीएसटीखाली नोंदणी झालेला, कंपोझिशन योजनेबाहेरचा व्यावसायिक असेल, तर पक्क्या बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक असल्यास ९,००० रुपयांचे जमाकर श्रेय त्याला घेता येते. म्हणजे संगणक त्याला ५०,००० रुपयांतच पडतो. शिवाय आयकरात घसाऱ्याची वजावट मिळते, ती वेगळीच. चिठ्ठीवरचा माल त्याला ४,००० रुपयांनी महाग पडला! आणखी एक बारकावा : बिल घेऊनही एकाच विक्रेत्यास एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर व्यवसायासाठी घेतलेल्या मालमत्तेच्या त्या खर्चावर घसारा मिळत नाही. पैसे खात्यातूनच द्यावेत.

नोंदणी नसलेल्या घरगुती ग्राहकाचे ५,००० रुपये खरोखर वाचतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्या बदल्यात तो काय देऊन बसतो? प्रोसेसरवर सामान्यतः तीन वर्षांची हमी असते. चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसवर ती पाच किंवा अधिक वर्षे असते. भाग बिघडल्यावर सेवा केंद्रात खरेदीचा पुरावा मागितला जातो. तेथे चिठोरे चालत नाही. पक्के बिलही नुसते ‘संगणक साहित्य’ असे मोघम नसावे; प्रत्येक भागाचे नाव आणि अनुक्रमांक त्यावर असावा. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तेव्हा बिल मागण्यात संकोच कसला?

मग बचत करावी तरी कोठे? घासाघीस अवश्य करावी, तीन दुकानांची लेखी दरपत्रकेही घ्यावीत. पण या बाजाराचे मोठे चढउतार दुकानदाराच्या हाती नसतात. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला आणि हार्डडिस्क जगभर महागल्या. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डे दुर्मिळ झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि रात्रंदिवस राबवलेली जुनी कार्डे बाजारात स्वस्तात आली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव भडकले. अशा लाटेत सर्व भाग एकदम घेण्याचा हट्ट धरू नये. आज गरजेपुरती रॅम घ्यावी आणि पुढे वाढविण्यासाठी मदरबोर्डवर जागा मोकळी राहील असे पाहावे. प्रोसेसर मागील पिढीचा घेतल्यास हिशेबाच्या व लेखनाच्या कामात फरक जाणवत नाही. एसएमपीएसवर मात्र काटकसर नको. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा निकृष्ट एसएमपीएस बिघडला, तर सोबत महागडे भागही नेऊ शकतो.

‘नो-कॉस्ट ईएमआय’विषयीही दोन शब्द, बँकेचा नोकर असूनही! शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बजावले होते. या योजनेत व्याजाइतकी रक्कम आधी सवलत म्हणून वजा केली जाते आणि नंतर व्याज म्हणून वसूल होते. त्या व्याजावरील व प्रक्रिया शुल्कावरील १८ टक्के जीएसटी ग्राहकासच भरावा लागतो. म्हणून एकरकमी दिल्यास दर किती, हे आधी विचारावे आणि मगच हप्त्यांचा विचार करावा.

व्यवसायासाठी कर्ज हवे असल्यास मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत सोय आहे. अशा कर्जात बँक साधारणपणे दरपत्रक पाहून रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यात जमा करते आणि मागाहून बिल मागते. तेथे कच्च्या चिठ्ठीचा उपयोगच नाही. अनेक दुकानांतील बिले उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांवरील अक्षरे पुसट होतात. बिल हाती पडताच त्याची छायाप्रत काढून ठेवावी, आणि भागांची खोकीही हमी संपेपर्यंत रद्दीत देऊ नयेत.