बेलवलीतील रहिवाशांना जाहीर आवाहन : आदेश कोणाचा, हद्द कोणती?

साथीच्या काळात बेलवलीवर एकाच कार्यालयाचा अंमल नसतो. बेलवली हा बदलापूर पश्चिमेचा भाग. कचरा आणि बाजार कुळगाव-बदलापूर नगर परिषदेकडे, पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, महसुली कारभार अंबरनाथ तालुक्यात, जिल्हाधिकारी ठाण्यात. शहरातील पोलीस ठाणी ठाणे शहर आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळात येतात, पण शेजारचे कुळगाव पोलीस ठाणे ठाणे ग्रामीण दलाचे. रूळ मध्य रेल्वेचे, म्हणजे केंद्राचे. नियोजनाच्या नकाशात हे सगळे मुंबई महानगर प्रदेशात मोडते. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत, यांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या नावाने काही ना काही आदेश, खुलासा किंवा सूचना लोकांच्या मोबाइलवर येऊन पडली. त्या काळातला गोंधळ लोकांच्या बेशिस्तीतून झाला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. बराचसा गोंधळ हद्दींचा होता. आदेश वाचण्याची पद्धत लोकांना माहीत असती, तर त्यातला मोठा भाग टळला असता.

या आदेशांच्या मुळाशी दोन कायदे आहेत. पहिला १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यानंतर इंग्रज सरकारने तो घाईने केला. रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी करण्याचा अधिकार त्यातच लिहिलेला आहे. महाराष्ट्राने तो मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्यानुसार राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, राज्य कार्यकारी समितीचे प्रमुख मुख्य सचिव आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. राज्याने चौकट आखायची आणि जिल्ह्याने वा स्थानिक संस्थेने ती आपल्या परिस्थितीप्रमाणे लागू करायची, अशी ही रचना होती. पोलिसांची जमावबंदी आणि संचारबंदी याहून वेगळी, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालची. एकाच दिवशी एकाच रस्त्यावर हे तिन्ही लागू असत. दुकान उघडे ठेवायला परवानगी आहे, पण दुकानासमोर पाच जण उभे राहिले की गुन्हा, ही स्थिती त्यातूनच आली.

बदलापूरची खरी अडचण नकाशात होती. एप्रिल २०२० च्या अखेरीस केंद्राने संसर्गाच्या धोक्यानुसार जिल्ह्यांचे रंग जाहीर केले, तेव्हा ठाणे जिल्हा लाल ठरला आणि बेलवलीही त्याबरोबर लाल झाली. पण राज्याच्या १९ मेच्या आदेशाने रंगाची मोजपट्टीच बदलली. महानगर प्रदेशातील महापालिका आणि पुणे, सोलापूर, औरंगाबाद, मालेगाव, नाशिक अशा काही महापालिका लाल, बाकी राज्य लाल नाही. कुळगाव-बदलापूर आणि अंबरनाथ या नगर परिषदा आहेत, महापालिका नाहीत. कागद शब्दशः वाचला, तर उल्हासनगर लाल आणि त्याला खेटून असलेले अंबरनाथ मोकळे. रुग्ण मात्र रोज कामासाठी मुंबईला जाणाऱ्या घरांत सापडत होते. नगर परिषदेच्या हद्दीने विषाणू अडत नव्हता, सवलत मात्र अडत किंवा सुटत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात उलट घडले. महानगर प्रदेशातील महापालिकांच्या क्षेत्रांत ये-जा मोकळी झाली, आणि ‘महापालिका’ हाच शब्द धरून बसले तर या वेळी बदलापूर सवलतीबाहेर. लिहिणाऱ्याच्या मनात नगर परिषदा होत्या की नव्हत्या, हे त्या ओळीवरून कळत नाही. सीमेवरच्या पोलिसाने ती ओळ कशी वाचायची, हे त्याच्यावरच सोपवलेले होते.

याच सुमारास शेजारच्या हद्दींचेही वेगवेगळे सूर लागले. कल्याण-डोंबिवली महापालिकेने मे २०२० मध्ये मुंबईत नोकरी करणाऱ्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांनी मुंबईतच राहावे असा आदेश काढला, आणि विरोध झाल्यावर तो स्थगित केला. जुलैच्या २ तारखेपासून ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर यांनी आपापली टाळेबंदी पुन्हा कडक केली. २८ जूनला मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे विनाकारण जाऊ नये असे सांगितले होते. ते फक्त मुंबईपुरते होते आणि आठवडाभरात सैलही झाले. तरी हा संदेश बदलापूरपर्यंत पोहोचला, तो ‘मुंबई’ हा शब्द वाटेत गाळून. एप्रिल २०२१ मध्ये वाहनांच्या काचेवर लावायच्या लाल, हिरव्या, पिवळ्या स्टिकरांचेही तसेच झाले. योजना मुंबई पोलिसांची, आयुष्य सुमारे आठवड्याचे.

जिल्ह्याबाहेर जाण्याचा नियमही सरळ नव्हता. २० ऑगस्ट २०२० पासून एसटी जिल्हा ओलांडू लागली आणि तिच्या प्रवाशाला ई-पास, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, लागत नव्हती. स्वतःच्या मोटारीने त्याच गावी जाणाऱ्याला मात्र २ सप्टेंबरपर्यंत ई-पास काढावा लागला. गणपती त्या वर्षी २२ ऑगस्टला आले, म्हणजे कोकणात जाणाऱ्या घरांना हा फरक नेमका सणात भेटला. चाळीस माणसांच्या गाडीला पास नको आणि चौघांच्या गाडीला हवा, याचे कारण कोणत्याही आदेशात लिहिलेले सापडत नाही.

सर्वांत जास्त घोळ लोकलचा झाला, आणि बदलापूरकरांना तोच सर्वांत महाग पडला. २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून उपनगरी सेवा बंद झाली. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. अत्यावश्यक सेवेतील लोक एसटी आणि बेस्टच्या खास बसने निघत, आणि त्या बससाठीच्या रांगा भल्या पहाटे लागत. १५ जूनपासून लोकल सुरू झाली ती ठरावीक कर्मचाऱ्यांसाठी. पुढे यादी वाढत गेली, पण प्रत्येक वाढीला दोन सह्या लागत. कोणाला प्रवास करू द्यायचा हे राज्य कळवी आणि गाडीत घेणे रेल्वेच्या हाती. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने १७ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, सर्व महिलांना लोकल खुली करण्याचे पत्र दिले. बातमी आदल्या संध्याकाळी सगळीकडे पोहोचली. रेल्वेने तयारी नसल्याचे कळवले आणि प्रत्यक्ष परवानगी २१ ऑक्टोबरला मिळाली, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. मधल्या चार दिवसांत बातमीवर विसंबून स्थानकावर गेलेल्या बाईची चूक काय होती, हे सांगणे कठीण आहे. बातमी खोटी नव्हती, फक्त दुसऱ्या सहीची होती.

१ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना लोकल मिळाली, पण पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. दादर-कुर्ल्याच्या माणसाला या वेळा गैरसोयीच्या वाटल्या असतील. बदलापूरच्या माणसासाठी त्यांचा अर्थ असा, की सात वाजण्याआधी निघायचे, दीड-पावणेदोन तास प्रवास करून कार्यालय उघडण्याची वाट पाहायची, आणि सहाला काम संपल्यावर नऊपर्यंत फलाटाबाहेर थांबायचे. वेळापत्रक ज्यांनी आखले, त्यांच्या डोळ्यांसमोर कर्जत मार्गावरचा प्रवासी नसावा. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि २२ तारखेच्या रात्री ८ पासून सामान्य प्रवाशाला लोकल पुन्हा बंद झाली. १५ ऑगस्टपासून लसीची दुसरी मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना परवानगी मिळाली. स्थानकावरच्या खिडकीत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवायचे, शिक्का घ्यायचा, मग पास. सुरुवातीला फक्त मासिक पास मिळे, एका फेरीचे तिकीट नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा रुग्णालयात जाणाऱ्यालाही महिन्याचे पैसे भरावे लागले. लसीची अट नंतर मुंबई उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ते आदेश काढण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, सरकारने ते मागे घेतले आणि १ मार्चला अट कायम ठेवणारा नवा आदेश काढला. महिनाभरात, गुढीपाडव्याच्या तोंडावर, सगळे निर्बंध उठले.

घोषणा आणि आदेश यांतील अंतर हे गोंधळाचे दुसरे मोठे कारण. ४ एप्रिल २०२१ रोजी लोकांनी ऐकले ते शनिवार-रविवारच्या टाळेबंदीचे. दुसऱ्या दिवशी हाती आलेल्या आदेशात अत्यावश्यक नसलेली सर्व दुकाने महिनाअखेरपर्यंत रोजच बंद होती. व्यापारी राज्यभर रस्त्यावर आले ते यामुळे. ३ जूनला एका मंत्र्यांनी पाच टप्प्यांत निर्बंध उठवण्याचे जाहीर केले. काही तासांत सरकारने तो निर्णय अजून विचाराधीन असल्याचा खुलासा केला आणि ४ जूनच्या रात्री उशिरा प्रत्यक्ष आदेश निघाला. त्यात बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटा यांवरून पाच स्तर ठरले. दहा लाखांवर लोकवस्तीच्या महापालिका स्वतंत्र घटक, बाकी जिल्हा एक घटक. कल्याण-डोंबिवली स्वतंत्र, तर २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेले बदलापूर अंबरनाथ-उल्हासनगरसह उर्वरित जिल्ह्यात. त्यामुळे बदलापूरचे दुकान किती वाजता बंद व्हायचे, हे मुरबाड-शहापूरच्या आकड्यांवरही अवलंबून राहिले. तीन आठवड्यांत, २५ जूनला, पहिले दोन स्तर व्यवहारात रद्द झाले आणि आकडे कितीही चांगले असले तरी तिसऱ्या स्तराखाली जाता येणार नाही असे ठरले.

दुकानदार आणि सोसायट्या यांच्या वाट्याला बारीकसारीक नियम आले. जून २०२० मध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकाने विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची सम तारखेला. दोन रस्त्यांना तोंड असलेल्या कोपऱ्यावरच्या दुकानाची बाजू कोणती, हे नियमात नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये किराणा आणि भाजी सकाळी ७ ते ११. लग्नाला २५ माणसे आणि दोन तास. पाचपेक्षा जास्त रुग्ण असलेल्या सोसायटीने प्रवेशद्वारावर फलक लावायचा, नाही तर १०,००० रुपये दंड. घरकामाला येणाऱ्या बाईने यावे की नाही, हे राज्याने स्थानिक प्रशासनावर सोडले, आणि स्थानिक प्रशासनाने स्पष्ट सांगितले नाही, तेव्हा ते सोसायटीच्या सचिवाने ठरवले. हा अधिकार सचिवाकडे कोणत्याही कायद्याने आलेला नव्हता.

एरवी अशा वेळी वस्तीतला माणूस नगरसेवकाला विचारतो. कुळगाव-बदलापूर नगर परिषदेची निवडणूक २०२० च्या वसंतात अपेक्षित होती. ती साथीमुळेच पुढे गेली, मे महिन्यात मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे आला. विचारायचे कोणाला, याचे अधिकृत उत्तरच उरले नाही. ती जागा व्हॉट्सॲपने भरून काढली. आदेशाचे मधलेच एक पान, कोणत्या तरी वाहिनीच्या पडद्याचे छायाचित्र, तारीख नसलेली ध्वनिफीत, आणि शेवटी ‘सर्वांना कळवा’.

हे सगळे आज सांगण्याचे कारण म्हणजे हे दोन्ही कायदे अजून लागू आहेत. १ जुलै २०२४ पासून कलम १४४ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने आणि आदेश मोडण्याबद्दलच्या, भारतीय दंड संहितेच्या जुन्या कलम १८८ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली. आपत्ती व्यवस्थापन कायदा साथीलाच लागू होतो असेही नाही. पावसाळ्यात उल्हास नदीने पातळी ओलांडली की बदलापूर पश्चिमेत पाणी येते, आणि शाळांना सुट्टी देणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश याच कायद्याचा आधार घेतो. ठाणे महापालिकेने स्वतःच्या शाळांना दिलेली सुट्टी बेलवलीच्या शाळेला लागू नसते. तरी गेल्या वर्षीचे सुट्टीचे पत्र दर जुलैत नव्याने फिरते.

म्हणून बेलवलीतील रहिवासी, सोसायट्यांचे पदाधिकारी, दुकानदार आणि रिक्षाचालक यांना आवाहन असे, की कोणताही निर्बंध हाती आला की आधी सही कोणाची ते पाहावे. नंतर हद्द वाचावी : जिल्हा, महापालिका, नगर परिषद की पोलीस आयुक्तालय. ‘ठाणे’ एवढ्याच शब्दावर थांबू नये, कारण त्या नावाने शहर, जिल्हा, महापालिका आणि आयुक्तालय असे चौघे ओळखले जातात. अंमल कोणत्या तारखेपासून आणि कधीपर्यंत, हे पाहावे. जुना आदेश नव्या आदेशाने रद्द होतो की त्यात फक्त भर पडते, हे बहुधा शेवटच्या परिच्छेदात असते, तेही वाचावे. सोसायटीने स्वतःचा नियम करण्याआधी त्याला आधार देणारे कलम सूचनाफलकावर लिहावे, आणि ते लिहिता येत नसेल तर नियम करू नये. नगर परिषदेकडे रहिवाशांनी लेखी मागणी करावी, की निर्बंध असोत वा पुराचा इशारा, चालू आदेश मराठीत, तारखेसह, कार्यालयाबाहेर आणि स्थानकाजवळ एका ठरलेल्या फलकावर लावावा आणि मुदत संपली की काढावा. आणि ज्या संदेशासोबत आदेशाचे पहिले आणि शेवटचे पान नाही, तो बेलवलीतील कोणीही पुढे पाठवू नये.