इच्छामरण : इच्छा कोणाची?

यंदा आमच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'इच्छामरणाचा हक्क हवाच'. मी अनुकूल बाजूने बोलले आणि दुसरे पारितोषिक मिळवले. घरी आले तेव्हा आजी पडवीत खाटेवर पडून होती. अर्धांगवायूने तिची डावी बाजू गेली, त्याला आता दोन वर्षे झाली. हातातला करंडक पाहून तिने विचारले, "कशावर बोललीस गं?" मी "असंच, काहीतरी," म्हणून आत निघून गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. जे भाषण शंभर जणांसमोर केले, ते घरच्या एका माणसाला सांगता येऊ नये, याची मला लाज वाटली. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

व्यासपीठावर मी अरुणा शानभाग यांची कहाणी सांगितली होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी लेखिका पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. पण त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवनाधार काढून घेण्याची वाट खुली केली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि तसे इच्छापत्र आधी करून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

लोकांची दृष्टी बदलली आहे, हे खरेच. ज्ञानेश्वरांची समाधी, सावरकरांचे १९६६ चे प्रायोपवेशन, १९८२ साली पवनारला विनोबांनी केलेला अन्नत्याग, यांपुढे आपण पूर्वीपासून हात जोडत आलो. परंतु ती थोरांची गोष्ट होती. सामान्य रुग्णाने 'आता पुरे' म्हणणे पाप समजले जाई. १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली, तेव्हा हा मूठभरांचा विचार होता. आज तो न्यायालयात आणि कॉलेजच्या व्यासपीठावरही पोचला आहे.

पण भाषणात मी एक चूक केली. अरुणाताईंना मरण देण्यास के. ई. एम.च्या परिचारिकांनी ठाम विरोध केला होता. मी त्यांना 'भावनाविवश' ठरवून टाळ्या घेतल्या. त्यांना रोज भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या त्या होत्या, मी नव्हते. आमच्या घरी हे सारे आई करते. रात्री कंबर ठणकू लागली आणि गोळ्या संपलेल्या असल्या की आजी म्हणते, "पांडुरंगा, सोडव रे आता." सकाळी गोळी मिळाली की दुधात कुस्करलेली भाकरी मागते आणि म्हैस व्याली का, हेही विचारते. यातली तिची खरी इच्छा कोणती समजायची?

आमच्या गावात आणखी एक प्रकार चालतो. शहरातल्या दवाखान्यात बिल वाढत जाते, दागिने गहाण पडतात आणि एक दिवस नातेवाईक कागदावर सही करून रुग्णाला घरी आणतात. तिथे डॉक्टरांचे मंडळ बसत नाही, रुग्णाला कोणी विचारत नाही. त्याला कोणी इच्छामरण म्हणत नाही. 'घरी आणलं' एवढेच म्हणतात. ते मरण पैशाच्या इच्छेने येते.

बरे होण्याची आशा संपलेल्या माणसाला यंत्रावर डांबून ठेवू नये, हे माझे मत अजूनही कायम आहे. पण त्या हक्काच्या आधी गोळी आणि शुश्रूषा दारापर्यंत यायला हवी. केरळने २००८ मध्येच अशा रुग्णांच्या वेदना कमी करणाऱ्या सेवेचे सरकारी धोरण जाहीर केले. आपल्याकडेही ती प्रत्येक खेड्यातल्या खाटेपर्यंत पोचली पाहिजे. एरवी वेदनेने किंवा गरिबीने वदवून घेतलेल्या शब्दांनाच आपण इच्छा समजून बसू.

परवा अखेर मी आजीला सगळे सांगितले. इच्छापत्राचे ऐकून ती हसली. म्हणाली, "कागद करू की. आधी माझी कूस बदल." मी तिची कूस बदलली. मित्रहो, आपल्या चर्चेचा क्रमही हाच असावा, असे मला वाटते.