दुसऱ्या घराचे खूळ

पेन्शनीत निघालेल्या गृहस्थांना पूर्वी ज्योतिषाचे वेड लागत असे. हल्लीच्या नोकरदार तरुणांना दुसऱ्या घराचे लागते. एक घर राहावयास, दुसरे भाड्याने द्यावयास! दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला आमचा भाचा पेढे घेऊन आला. पुण्याबाहेर ८० लाखांचा फ्लॅट घेतला होता. २० लाख आईच्या ठेवी मोडून, ६० लाख कर्ज. म्हणाला, "मामा, भाडेकरूच हप्ता फेडील!"

हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले, त्याला एकदा आमच्यापुढे उभे करा. ६० लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत, साडेआठ टक्के व्याज. हप्ता झाला सुमारे ५२,००० रुपये. भाडे येते २२,०००. उरलेले ३० हजार कोणी फेडावयाचे? वर्षाचे भाडे २ लाख ६४ हजार खरे. पण एक बिऱ्हाड उठून दुसरे येईपर्यंत महिनाभर घर रिकामे राहते. उरले २ लाख ४२ हजार. सोसायटीचे महिना ३,००० वजा करा. घरपट्टी, दलाली, रंग, नळदुरुस्ती यांचे ३० हजार धरा. हाती १ लाख ७६ हजार, म्हणजे ८० लाखांवर सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत. खरेदीच्या वेळचे मुद्रांक शुल्क तर आम्ही मोजलेच नाही. बहिणीला बँक याहून पुष्कळ अधिक देत होती. "पण किंमत वाढेल की!" वाढेलही. मग ती सट्ट्याची कमाई म्हणा, भाड्याची म्हणू नका.

आमचे वैर भाड्याच्या घराशी नाही. आम्ही स्वतः गिरगावातल्या चाळीच्या दोन खोल्यांत वाढलो. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराला खिळवली. पुढे त्या भाड्यात चुन्याची बादली येईना. मालकाने डागडुजी सोडली आणि खोल्या पागडीवर हात बदलू लागल्या. त्या वेळची धास्ती घरमालकांच्या रक्तात अजून आहे. गंमत अशी, की धास्तीवर जो उतारा मिळाला तो घ्यायला मात्र ते राजी नाहीत! महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची, असे स्वच्छ म्हटले आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट लीव्ह-लायसन्सची मुदत संपूनही कोणी घर सोडले नाही, तर दुप्पट दराने भरपाई मागता येते. एवढे असून आमचा भाचा म्हणतो, "ओळखीचे आहेत, कागद कशाला?" हजार-दोन हजार वाचवण्यासाठी ८० लाख तोंडी बोलीवर!

आणि चौकशी कसली करतो? आडनाव काय, मासे खाता का, लग्न झाले आहे का. पगार किती, आधीचे घर का सोडले, हे विचारायला संकोच वाटतो म्हणे! आडनावाने भाडे वेळेवर येत असते, तर आमच्या आळीतले निम्मे सावकार बुडाले नसते. धंदा करावयाचा आणि रुबाब इनामदाराचा, ही आमच्या मध्यमवर्गाची जुनी खोड.

आमच्या तगाद्याने अखेर करार नोंदला गेला. सहा महिन्यांचे हप्ते निराळे ठेव, असेही बजावले. ते काही जमले नाही, कारण सोफा घ्यायचा होता.

गेल्या नरकचतुर्दशीला तो आमच्याकडेच होता. पहाटे पाचला भाडेकरूचा फोन आला : गीझर बंद, घरात तान्हे मूल. भाचा पुटपुटला, "सणाच्या दिवशीसुद्धा चैन नाही!"

"अरे, त्यांच्याकडेही सणच आहे," आम्ही म्हटले, "आणि गीझर तुझा आहे."

अंगाचे उटणे तसेच ठेवून तो उठला. बहिणीने माळ्यावरचा पाण्यात सोडायचा हीटर काढला, पुसला आणि फराळाच्या डब्याबरोबर त्याच्या हाती दिला.